दाराशेजारचा डबा

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जकार्ताला असतो. त्याच्या एका सहकाऱ्याच्या गावी, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात, आम्ही काही दिवस राहून आलो. भाताची खाचरं, नारळी, केळी, फणस, सगळं आमच्या कोकणातल्यासारखं. पण घरांना ना गडगा ना कुंपण. पुढच्या दाराशेजारी खिळ्याला एक छोटा डबा टांगलेला आणि त्यात चिमूट-दोन चिमूट तांदूळ. देवाचे असतील म्हणून विचारलं, तर म्हणाले, रखवालीचे आहेत. शिवाय पहिल्याच संध्याकाळी यजमान आमचे पासपोर्ट घेऊन कुणाकडे तरी नोंद करून आले. हा काय प्रकार आहे? तिथे चोऱ्या होत नाहीत का? आणि शेतजमीन कुणाच्या नावावर असते? आपल्यासारखा सातबारा असतो का?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, तुम्ही बरोबर डब्याकडेच पाहिलंत. त्या तांदळाला जिम्पितान म्हणतात. रोज निजायच्या आधी घरातलं कुणीतरी त्यात चिमूटभर तांदूळ टाकतं. रात्री वाडीतले चार-सहा पुरुष पाळीनं गस्त घालतात, तिला तिकडे रोंडा म्हणतात. ते दारोदार जाऊन प्रत्येक डबा पिशवीत रिकामा करतात. साठलेले तांदूळ विकून येणारा पैसा वाडीचा. त्यातून रस्त्यावरचे दिवे, पाणंदीची डागडुजी, आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचं पाकीट, लग्नकार्याला लागणाऱ्या खुर्च्या आणि ताटं असा खर्च भागतो. आता पुष्कळ गावांत तांदळाऐवजी पाचशे रुपियाचं नाणं टाकतात. आपल्या हिशेबानं ते जेमतेम अडीच-तीन रुपये होतात.

रक्कम किरकोळ आहे, पण या डब्यानं दोन्ही बाजूंची हजेरी लागते. सकाळी दार उघडल्यावर डब्यात तांदूळ तसेच दिसले, तर रात्रीची पाळी झोपा काढत होती हे सगळ्या वाडीला कळतं. उलट गस्तवाल्यांना एखाद्या घराचा डबा दोन-तीन रात्री रिकामा सापडला, तर त्या घरात काहीतरी बिनसलंय: कुणी आजारी आहे, हात तंगीत आहे किंवा शेजाऱ्यांशी फाटलंय. मग दुसऱ्या दिवशी कुणीतरी चौकशीला जातंच. शिवाय प्रत्येक दाराशी जायचं म्हटलं की गस्त आपोआप वाडीच्या कानाकोपऱ्यातून होते. कोपऱ्यावर गप्पा मारत बसून पाळी भरता येत नाही. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. राखणदारावर कोण लक्ष ठेवणार, हा जुना प्रश्न त्यांनी एका डब्यात सोडवला आहे.

गस्तीचा अड्डा म्हणजे गार्दू, वाटेच्या तोंडाशी उभारलेली लहानशी चौकी. आत बसायला फळ्यांचा ओटा. कॉफी, उकडलेल्या शेंगा किंवा कसावा, पत्ते नाहीतर डॉमिनो. आढ्याला केंतोंगान टांगलेलं असतं, म्हणजे मधे चीर पाडून पोकळ केलेला बांबूचा किंवा फणसाच्या लाकडाचा ठोकळा. दांडक्यानं ठोकला की आवाज खाचरांवरून लांबवर जातो. ठोक्यांची भाषा लहान पोरांनाही पाठ असते. गावागणिक थोडाफार फरक पडतो, पण सर्वसाधारणपणे एकेक ठोका म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे घरात चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर किंवा तशीच आपत्ती आणि पाच-पाच म्हणजे गुरं चोरीला गेली. सगळं ठीक असल्याचाही वेगळा ठोका आहे, तो ऐकून माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात. गुरांच्या चोरीला स्वतंत्र ठोका आहे हे विशेष लक्षात घ्या. गरीब शेतकऱ्याची बँक म्हणजे गोठ्यातली गाय. मुलाचं शिक्षण, लग्न, दवाखाना यासाठी विकायची म्हणून ती पाळलेली असते.

आता चोऱ्यांचं. होतात, आणि पूर्वीही होत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुराकर्ता आणि क्लातेनच्या पट्ट्यात ऊस, तंबाखूचे मळे आणि साखर कारखाने होते. तिथे केचू नावाच्या दरोडेखोर टोळ्यांचा इतका धुमाकूळ होता, की डच अधिकाऱ्यांचे अहवाल त्यांच्या उल्लेखांनी भरले आहेत. आज टोळ्या गेल्या, पण मोटारसायकली जातात. मिरचीचा भाव चढला की रातोरात झाडं ओरबाडली जातात, म्हणून शेतकरी बांधावर खोपट घालून झोपतो. पूर्व जावात लुमाजांगकडे गुरांच्या चोरीनं लोक जेरीला आले आहेत. जावातल्या शेतकऱ्यांची जुनी रीत म्हणजे गोठा घराला चिकटूनच ठेवायचा, काही ठिकाणी तर रात्री गुरं घरातच. योग्यकर्त्याच्या आसपासच्या गावांनी वेगळा मार्ग काढला. वीस-तीस कुटुंबांची गुरं एकाच सामायिक गोठ्यात बांधायची आणि सभासदांनी आळीपाळीनं राखण करायची. शेणखत एकत्र साठतं, पशुवैद्याची एक फेरी सगळ्यांना पुरते आणि चोराला एका गाईसाठी साऱ्या गावाच्या नाकासमोरून जावं लागतं.

या व्यवस्थेची एक बाजू मात्र अतिशय क्रूर आहे आणि ती लपवून जावाचं गुणगान करणं बरं नव्हे. केंतोंगान वाजलं, चोर हाती लागला, की पोलीस येईपर्यंत तो जिवंत राहीलच असं नाही. जमावाच्या मारहाणीत माणसं मेल्याच्या बातम्या आजही येतात. कित्येकदा मेलेला माणूस चोर नसतोच, नुसता परका असतो.

इथेच तुमच्या पासपोर्टांची गोष्ट येते. तीस-चाळीस घरांच्या शेजारगटाला रुकुन तेतंग्गा म्हणतात, बोलताना नुसतं एर्ते. त्याचा प्रमुख गटातलाच कुणीतरी शिक्षक, दुकानदार किंवा शेतकरी असतो. पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याच्याकडे कळवायचं, तशी पाटीच वाडीच्या तोंडाशी लावलेली असते. तुमच्या यजमानांनी कळवलं, त्यामुळे त्या रात्री गस्तवाल्यांना तुम्ही कोण आणि कुठल्या घरचे, हे ठाऊक होतं. मात्र हे शेजारगट गावकऱ्यांनी आपल्या मनानं काढलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जावा जपान्यांच्या ताब्यात होता, तेव्हा 1944 मध्ये त्यांनी जपानमधली शेजारगटाची पद्धत जावावर बसवली. शिधावाटप, सक्तीची मजुरी आणि टेहळणी, तिन्ही कामं त्यातून होत. जपानी गेले, चौकट राहिली. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या बत्तीस वर्षांच्या राजवटीत तिला आणखी घट्ट पीळ बसला. शेजाऱ्याला शेजाऱ्याची खडान्‌खडा माहिती असणं हे राजवटीला हवंच होतं.

जमिनीचा प्रश्न यालाच जोडून येतो, म्हणून आता जमिनीबद्दल सांगतो.

जावा बेट आकारानं महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे आणि 2020 च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींवर माणसं होती. बहुसंख्य शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे सव्वा एकरापेक्षाही कमी जमीन. पुष्कळांकडे तीही नाही. ते दुसऱ्याची खाचरं वाट्यानं करतात. मारो म्हणजे अर्धेली, मेर्तेलू म्हणजे तिसऱ्या हिश्शाची. घराभोवतीचं परसू, त्याला पेकारांगान म्हणतात, हे वेगळंच धन आहे. नारळ, केळी, फणस, कंदमुळं, कोंबड्या. रोजच्या कालवणाची सोय इथूनच होते. हद्द दाखवायला कुठे खांबुटी, कुठे रंगीत पानांच्या क्रोटनची ओळ. शेजारपाजारची पाऊलवाट परसातूनच जाते आणि ती बंद करणं अतिशय उद्धटपणाचं समजतात. भिंत न दिसण्याचं हे एक कारण.

सातबाऱ्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे गावच्या दप्तरातली 'लेटर सी' वही. तिची मुळं रॅफल्सपर्यंत जातात. 1811 ते 1816 या काळात जावा इंग्रजांकडे होता. तिथला इंग्रज लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स यानं हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या महसुलाचा अनुभव समोर ठेवून जमीनपट्टी सुरू केली. त्या कामात त्याच्या हाताशी कॉलिन मॅकेंझी होता, दक्षिण हिंदुस्थानच्या मोजणीत मुरलेला. पुढे डचांनी तीच पद्धत वाढवली. कोणत्या तुकड्याची पट्टी कोण भरतो याची नोंद गावात राहू लागली आणि शेतकरी त्या नोंदीलाच मालकीचा पुरावा मानू लागला. कायद्यानं ती मालकी नव्हे, पट्टी भरल्याची नोंद आहे. खरी मालकी 1960 च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार नोंदवलेल्या प्रमाणपत्राची. पण ते काढायला खर्च आणि हेलपाटे, त्यामुळे 2015 च्या सुमारास देशातल्या अंदाजे 12 कोटी 60 लाख तुकड्यांपैकी जेमतेम 4 कोटी 60 लाखांचीच प्रमाणपत्रं निघाली होती. त्यानंतर सरकारनं गावंच्या गावं एकदम मोजायची मोहीम घेतली. 2021 च्या नियमानं जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली. ती मुदत संपली की 'लेटर सी'सारख्या नोंदी मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, मोजणीला दिशा दाखवण्यापुरत्या उरतात.

मोजणीतली एक अट मला फार महत्त्वाची वाटते. खांबुट्या रोवताना चारही बाजूंचे शेजारी हजर हवेत आणि हद्द मान्य असल्याच्या त्यांच्या सह्या हव्यात. ज्यानं रात्री गस्तीला जाणं टाळलं, ज्याचं शेजाऱ्याशी बोलणं नाही, त्याची मोजणी इथे अडते. उलट सहीच्या विश्वासावरच फसवणूकही होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्याला पोटहिस्सा पाडायचा म्हणून भलत्याच कागदावर अंगठा द्यायला लावायचा आणि जमीन तिसऱ्याच्याच नावावर चढवून त्यावर कर्ज उचलायचं, अशी प्रकरणं गाजली आहेत. तिकडे अशा टोळ्यांना जमीन माफियाच म्हणतात. गस्तवाल्यांचं केंतोंगान या चोरीला वाजत नाही.

वारसाहक्कात जावाची बाई आपल्याकडच्या बाईपेक्षा खूप आधीपासून भक्कम उभी आहे. बहुतेक कुटुंबं मुसलमान आहेत, पण वाटणीच्या वेळी दोन रीती समोर असतात. मुलाला दोन हिस्से आणि मुलीला एक, किंवा सगळ्यांना सारखं. बरीच कुटुंबं दुसरी रीत धरतात आणि मुलींना खाचर मिळतं. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणाऱ्या धाकट्या अपत्याकडे, बहुतेकदा धाकट्या मुलीकडे, घर जातं. लग्नात बाईनं आणलेली जमीन तिचीच राहते. संसारात दोघांनी मिळवलं ते गोनो-गिनी, काडीमोड झाला तर दोघांत वाटायचं. बाजारात धान्याचा, भाजीचा व्यवहार बाईच्या हातात, घरची थैलीही तिच्याच कनवटीला.

गहाणाबद्दल 1960 चा एक नियम मुद्दाम सांगतो. शेतजमीन गहाण घेऊन सात वर्षं कसली, की उभं पीक निघताच ती मूळ मालकाला परत करायची, एक पैसाही न घेता. सात वर्षांच्या उत्पन्नातून मुद्दल आणि व्याज फिटलं, हा हिशेब. गावागावांत तो कितपत पाळतात हे सोडा, पण कायदा करणाऱ्यांनी सावकाराच्या दारातून शेतकऱ्याकडे पाहिलं नाही, हे खरं. त्याच सुमाराच्या नियमांनी तालुक्याबाहेर राहणाऱ्याला शेतजमीन ठेवायला बंदी केली. शहरी पैसेवाल्यांनी ती सर्रास मोडली आहे. परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळतच नाही. शेजारच्या योग्यकर्त्यात तर 1975 च्या आदेशामुळे चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांनाही मिळत नाही. हा उघड अन्याय आहे आणि न्यायालयात जाऊनही तो हटलेला नाही.

गावप्रमुखाला, पूर्वी पगाराऐवजी आणि आता पगाराच्या जोडीला, गावाची जमीन कसायला मिळते, तिला बेंगकोक म्हणतात. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांचं वतन आठवेल, पण फरक मोठा आहे. ही जमीन पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते, मुलाला मिळत नाही. सुपीक खाचरं याच वाट्यात असतात, म्हणून गावच्या निवडणुका अटीतटीच्या होतात. 2024 पासून मुदत सहाची आठ वर्षं झाली आहे.

1960 च्या कायद्यांनी मोठ्या जमिनी वाटायचं वचन दिलं होतं. वाटप रखडलं तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या शेतकरी संघटनेनं 1964 च्या सुमाराला परस्पर जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. तुम्ही राहून आलात तो क्लातेन जिल्हा या चळवळीचं मोठं केंद्र होता. 1965 च्या ऑक्टोबरपासून कम्युनिस्टांवर सूड उगवणं सुरू झालं. देशभरात पाच लाखांच्या आसपास माणसं मारली गेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, त्यातली बरीचशी मध्य आणि पूर्व जावातल्या खेड्यांत. कुणाचं घर कुठलं, कोण कुठल्या सभेला जात होतं, हे दाखवणारे बहुतेक ठिकाणी गावचेच लोक होते. तुरुंगातून सुटलेल्यांच्या ओळखपत्रावर पुढे कित्येक वर्षं माजी राजकीय कैदी अशी खूण राहिली. त्यांच्या मुलांना सरकारी नोकऱ्या बंद झाल्या. बळकावलेली जमीन परत मागायला कुणी धजावलं नाही. म्हणून सांगतो, क्लातेनमध्ये एखाद्या म्हाताऱ्याला जमिनीच्या जुन्या मालकाबद्दल विचारलंत आणि तो गप्प झाला, तर पुन्हा विचारू नका.

प्रश्न : मेरापी ज्वालामुखीच्या उतारावर लोक राहतात आणि उद्रेकाचा इशारा आला की घरं सोडून जातात. मागे गुराढोरांचं, सामानाचं काय होतं?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : हा प्रश्न 2010 साली जिवावर बेतला. 26 ऑक्टोबरला मेरापी फुटला. डोंगराचे पारंपरिक राखणदार म्बाह मारिजान गाव सोडायला तयार नव्हते, ते किनाह्रेजो वस्तीतच मृत्युमुखी पडले. त्याहून मोठा उद्रेक 5 नोव्हेंबरला झाला. एकूण साडेतीनशेच्या वर बळी गेले आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक छावण्यांत होते. छावणीत अन्न होतं, औषध होतं, तरी पहाट झाली की पुरुष मोटारसायकलवर बसून धोक्याच्या पट्ट्यात शिरत. कशाला, तर गवत कापून गाईंना घालायला. दुभती गाय दोन दिवस उपाशी ठेवायची हे त्यांना जमेना. शेवटी सरकारला गुरं विकत घेण्याची हमी द्यावी लागली.

धडा घेतला गेला. नोव्हेंबर 2020 मध्ये इशाऱ्याची पातळी वाढली, तेव्हा कालितेंगाह लोर वस्तीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर गुरंही ट्रकांतून खाली आणली आणि सामायिक गोठ्यांत बांधली. मागेलांग जिल्ह्यानं वरच्या गावांची खालच्या गावांशी जोडी लावून ठेवली आहे. कुठल्या गावानं कुठे जायचं, तिथे चूल कोण लावणार, मुलांची शाळा कोणती, हे डोंगर शांत असतानाच ठरतं. सामानाच्या राखणीला धडधाकट पुरुष पाळीनं वर जातात, पण हातात बिनतारी संच असतो आणि शिखराकडची बातमी सतत कानावर असते.

प्रश्न : आमच्याकडे रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडतात आणि माणसं दगावतात. जावात असं होतं का?
— एक शेतकरी, गडचिरोली

उत्तर : होतं, आणि तिथे कारण आहे उंदीर. स्रागेन, न्गावी या भातपट्ट्यांत वर्षाला तीन पिकं घेतात, शेत कधी रिकामं राहत नाही, त्यामुळे उंदरांना बारमाही मेजवानी. लोक बांधाच्या कडेनं उघडी तार ताणून घरचा करंट सोडतात. रात्री पाणी लावायला आलेला मालक स्वतःच चिकटतो, नाहीतर बेडूक किंवा ईल पकडायला निघालेला शेजारी. 2020 साली बोजोनेगोरो जिल्ह्यात एकाच घरातली चार माणसं शेजाऱ्याच्या तारेनं गेली. तार लावणाऱ्यांना शिक्षाही झाल्या आहेत. तरी तारा निघत नाहीत, कारण तुम्हीच सांगा, डोळ्यांदेखत पीक फस्त होत असेल तर शेतकरी काय करणार?

देमाक जिल्ह्यातल्या त्लोगोवेरू गावानं करून दाखवलेला उपाय मला आशेचा वाटतो. त्यांनी खाचरांत उंच खांबांवर पेट्या बसवून गव्हाणी घुबडं पाळली. घुबडाची जोडी पिल्लं असताना रात्रीत कितीतरी उंदीर उचलते. पण घुबड बांध ओळखत नाही, ते अख्ख्या शिवारावर फिरतं. एकानं विष घातलं आणि तो उंदीर घुबडानं खाल्ला, तर दहाजणांची राखण संपली. म्हणून गावानं घुबड मारायला बंदी करणारा ठराव केला आणि मोडणाऱ्याला दंड लावला. पेट्यांची डागडुजी आणि पिल्लांची देखरेख शेतकरीच करतात. दुसऱ्या जिल्ह्यांतले लोक तिथे शिकायला येतात आणि स्रागेननंही घुबडांच्या पेट्या उभारायला घेतल्या आहेत. गव्हाणी घुबड आपल्याकडेही आहे. उंदरांपुरता हा उपाय तुमच्याकडे करून पाहण्यासारखा आहे. रानडुकरांना मात्र तो लागू नाही, त्यासाठी सौरकुंपणाची यंत्रं मिळतात. त्यांचा झटका क्षणभराचा आणि मोजका असतो, जीव जात नाही. पण त्याला घरची वीज जोडायची नाही, ही गोष्ट सगळ्या शिवारानं एकदा बसून ठरवा.